जुन्या ट्रॅक्टरला घरची विंच: ओढणं सोपं, थांबवणं अवघड

(पॉडकास्टच्या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याची पद्धत मुद्दाम तशीच ठेवली आहे.)

आज कोडिंग नाही, ॲप नाही. आज आपण बोलणार आहोत ओंडक्यांबद्दल. आडव्या झालेल्या झाडांचे, पाचशे-सहाशे किलोचे ओंडके उतारावरून वर रस्त्यापर्यंत आणायचे कसे, आणि तेही घरातल्या जुन्या ट्रॅक्टरला स्वतः बनवलेली विंच लावून.

विंच म्हणजे काय, ते आधी एका वाक्यात सांगतो. एक ड्रम, त्यावर गुंडाळलेला तारेचा दोर, आणि तो ड्रम फिरवायला काहीतरी ताकद. ट्रॅक्टर जागेवर उभा राहतो, दोर खाली जातो आणि ओंडका वर येतो.

व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. भंगारातला गिअरबॉक्स, थोडं वेल्डिंग, खाली जोरदार म्युझिक, आणि ओंडका सरसर वर. त्या व्हिडिओंत एक गोष्ट जवळजवळ कधीच दाखवत नाहीत. काही बिघडलं तर ही विंच थांबते कशी? आजचा सगळा भाग त्या एका प्रश्नावर आहे.

हे सगळं कशासाठी?

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या, आंब्याच्या बागा झोपल्या. माझ्या काकांची बाग दापोली तालुक्यात, डोंगरउतारावर. आंबे पडले, फणस पडले, बांधावरची अकेशियाची झाडं तर आडवी-तिडवी एकमेकांवर पडली. पुढची दोन-तीन वर्षं प्रत्येक पावसाळ्यात आणखी काही कलंडतच होती, कारण मुळं आधीच हललेली.

अशा बागेत जेसीबी उतरत नाही. मध्ये जांभ्या दगडाचे गडगे आहेत, पायवाट चार फुटांची आहे, आणि जेसीबी उतरवायचा तर वाचलेली कलमं तोडायला लागतात. मग राहतं काय? सहा-सात माणसं, पहारी, दोर आणि "हैय्या". ओंडका पायावर येणं, पहार उडून नडगीवर बसणं, हे आमच्याकडे दर हंगामाचं आहे. शेजारच्या वाडीत एकाने साखळी थेट ट्रॅक्टरच्या टॉप लिंकच्या पिनेला बांधून ओंडका खेचायचा प्रयत्न केला. ट्रॅक्टर पुढून उचलला गेला. तो उडी मारून वाचला, पण गुडघा कायमचा गेला.

म्हणून विंच. आणि म्हणूनच "थांबते कशी" हा प्रश्न पहिला.

आधी हिशेब: किती ओढ लागते?

ओलं लाकूड घनमीटरला साधारण नऊशे ते हजार किलो भरतं. अर्धा मीटर व्यासाचा, तीन मीटर लांबीचा ओंडका घेतला तर आकारमान होतं साधारण 0.6 घनमीटर. म्हणजे वजन साडेपाचशे-सहाशे किलो.

आता घर्षण. मातीवरून, पालापाचोळ्यातून ओंडका घसटत नेताना घर्षणासाठी वजनाच्या साधारण 0.7 पट जोर धरा. त्यात 20 अंशांचा चढ मिळवा. गणित केलं तर गंमत दिसते: लागणारी ओढ जवळपास ओंडक्याच्या वजनाइतकीच येते. 600 किलोचा ओंडका, 600 किलोची ओढ. सरळ लक्षात राहणारा आकडा आहे. ओंडक्याचं तोंड दगडात किंवा मुळात अडकलं तर मात्र ही ओढ बघता बघता दुप्पट होते. म्हणून तोंड कुऱ्हाडीने तिरकं तासून घ्यायचं, होडीच्या नाळेसारखं. दहा मिनिटांचं काम, पण निम्मी कटकट तिथेच संपते.

म्हणजे आमच्या कामाला एक टन ओढ पुरेशी होती. काका म्हणाले, "तीन टनांची कर रे, असली तर बरी." इथेच आमचा खरा वाद सुरू झाला.

ट्रॅक्टर किती ओढ सहन करतो?

विंच किती ओढू शकते, याआधी ट्रॅक्टर किती सहन करू शकतो ते बघायचं. आमचा ट्रॅक्टर जुना मॅसी, पस्तीस एचपीच्या आसपासचा, घाटावरून सेकंडहँड आणलेला. वजनकाट्यावर फक्त पुढची चाकं चढवून वजन घेतलं: 620 किलो. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर 1.8 मीटर. या दोघांचा गुणाकार 1116. हा आकडा म्हणजे ट्रॅक्टरला पुढून खाली धरून ठेवणारा जोर.

मागे विंच लटकवली की त्यातून वजावट होते. आमची विंच 250 किलोची, मागच्या धुऱ्यापासून साधारण 0.8 मीटर मागे. म्हणजे 200 गेले. उरले 916.

आता एक टनाची ओढ जमिनीपासून 40 सेंटिमीटरवर असेल, तर उलटवणारा जोर 1000 गुणिले 0.4, म्हणजे 400. 916 समोर 400. ट्रॅक्टर शांत बसतो. हीच एक टनाची ओढ एक मीटर उंचीवरून, म्हणजे टॉप लिंकच्या पातळीवरून दिली तर? 1000. हे 916 पेक्षा जास्त. पुढची चाकं उचलली जाणार. ट्रॅक्टर, ओंडका, ड्रायव्हर सगळं तेच. फरक फक्त 60 सेंटिमीटरचा.

आणि ट्रॅक्टर मागे उलटायला वेळ लागत नाही. दीड-दोन सेकंद. "हं, उचलतोय वाटतं" एवढं वाक्य पूर्ण होत नाही. जुन्या ट्रॅक्टरला डोक्यावर संरक्षक चौकटही नसते.

या गणितातून दोन नियम निघतात. एक, दोर खालूनच सुटला पाहिजे, मागच्या धुऱ्याच्या बऱ्यापैकी खाली. दोन, विंचची ताकद ट्रॅक्टरच्या सहनशक्तीच्या आत बांधून टाकायची. तीन टन गुणिले 0.4 म्हणजे 1200. म्हणजे काकांची तीन टनांची विंच खालून ओढली तरी ट्रॅक्टर उचलणार. काकांना हा कागद दाखवला. त्यांनी दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "बरं, एकच टन कर."

परदेशी जंगल-विंचना खाली एक जाड पात असतं, लिफ्टने ते जमिनीवर टेकवतात आणि ओढ सुरू झाली की ते मातीत रुततं. स्लोव्हेनिया, फिनलंडमध्ये अशा विंच वर्षानुवर्षं बनतात. आम्हीही आठ मिलिमीटरच्या प्लेटचं चार फुटी पातं लावलं. पण आमच्याकडे वीतभर मातीखाली कातळ लागतो, तिथे ते रुतत नाही. म्हणून हिशेबात ते धरलेलंच नाही. रुतलं तर फायदा, नाही रुतलं तरी ट्रॅक्टर सुरक्षित.

बनवली कशी?

मुख्य भाग भंगारातून आला: जुन्या जीपचा मागचा धुरा, हाउसिंगसकट. क्राउनला 43 दात, पिनियनला 8. पिनियन साधारण 5.4 वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. गिअरबॉक्स आयता मिळाला.

इथे एक बारकावा आहे. डिफरन्शियल तसंच ठेवून एका बाजूचं चाक अडकवलं, तर दुसरी बाजू दुप्पट वेगाने फिरते आणि ओढ निम्मी होते. म्हणून आतले छोटे गिअर वेल्डिंगने एकजीव केले, एका बाजूचा शाफ्ट काढून ते तोंड बंद केलं आणि दुसऱ्या बाजूच्या हबवर ड्रम बसवला. ड्रम म्हणजे आठ इंची जाड पाइप, दोन्ही टोकांना सोळा इंची प्लेट. ड्रमच्या बाहेरच्या टोकाला आणखी एक बेअरिंग दिलं, नाहीतर सगळा भार एकट्या हबवर लटकतो.

ताकद येते पीटीओवरून. पण पुली थेट पीटीओवर बसवायची नाही. पट्ट्याचा आडवा ताण ट्रॅक्टरच्या बेअरिंगवर जातो, आणि ते बेअरिंग बदलणं म्हणजे मागचा भाग खोलणं. म्हणून दोन बेअरिंगवर वेगळा शाफ्ट, कपलिंगने पीटीओला जोडलेला. त्यावर सहा इंची पुली, खाली पिनियनवर बारा इंची पुली, आणि मध्ये चार बी-सेक्शन पट्टे. वेग तिथे निम्मा झाला, आणि पट्टे खाली उतरत असल्याने ड्रमही आपोआप खाली आला. पीटीओ मिनिटाला 400 फेऱ्यांवर ठेवला तर दोर मिनिटाला साधारण 27 मीटर येतो. ओंडक्याच्या बाजूने आरामात चालता येईल इतका वेग.

दोर 10 मिलिमीटरचा वायररोप, 50 मीटर. नवा असताना तो साडेपाच टनांच्या आसपास तुटतो, म्हणजे एक टनाला पाचपट जागा आहे. दोर थरावर थर बसत गेला की ड्रमचा व्यास वाढतो. तिसऱ्या थरावर ओढ साधारण 15 टक्क्यांनी कमी आणि वेग तेवढाच जास्त. आणि ड्रमवर शेवटचे पाच वेढे कधीच सोडायचे नाहीत. दोर ड्रमला धरून ठेवतात ते वेढे, टोकाचा क्लॅम्प नाही.

पट्टा की साखळी?

फॅब्रिकेशनवाल्या दादांचं म्हणणं होतं साखळी लावा. "पट्टा घसरतो ओ, भात गिरणीत बघा, साखळी कशी दणकट!" काम त्यांचं उत्तम होतं, आणि त्यांचा मुद्दा त्यांच्या जागी बरोबरही होता. पण मला पट्टा घसरणाराच हवा होता.

साखळी असती तर इंजिनाची सगळी ताकद दोरावर गेली असती. हिशेबाने ती ओढ तीन टनांच्या पुढे जाते. म्हणजे ओंडका मुळात अडकला की पहिला कमजोर दुवा ठरतो ट्रॅक्टरचा तोल, नाहीतर दोर. पट्ट्यात कमजोर दुवा आपण ठरवतो. ओढ वाढली की पट्टा घसरतो, रबराचा वास येतो, सगळ्यांना कळतं. नुकसान काय, तर एक पट्टा.

आम्ही विंचचा दोर एका जाड खुंटाला बांधून मध्ये तीन टनी लटकता वजनकाटा अडकवला आणि ताणपुलीचा स्टॉप-बोल्ट थोडा थोडा फिरवत गेलो. 1100 किलोला चारही पट्टे घसरायला लागले. तिथे नट लॉक केला, वर वेल्डिंगचा टिपका दिला. म्हणजे उद्या कुणी "जरा टाइट करू" म्हणाला तर ग्राइंडर शोधायला लागेल. तेवढ्यात विचार करायला वेळ मिळतो.

जास्त ओढ लागली तर? कप्पी. दोर खाली नेऊन, कप्पीतून फिरवून परत विंचच्या चौकटीच्या तळाला बांधायचा आणि कप्पी ओंडक्याला. ओंडक्यावर ओढ दुप्पट, वेग निम्मा, ड्रमवर मात्र एकच टन. पण थांबा, ट्रॅक्टरवर आता दोन्ही दोर ओढतायत, म्हणजे दोन टन! 2000 गुणिले 0.4 म्हणजे 800. 916 च्या आत आहे, पण काठावर. म्हणून कप्पी वापरताना दोराचं दुसरं टोक ट्रॅक्टरला नाही, शेजारच्या जाड, जिवंत झाडाच्या बुंध्याला, अगदी तळाशी बांधायचं. सालीला इजा नको म्हणून मध्ये रुंद पट्टा किंवा गोणपाट.

हात सोडला की थांबलं पाहिजे

आता मूळ प्रश्न. जुन्या ट्रॅक्टरला क्लच दाबला की पीटीओ थांबतो. बरेच जण तोच विंचचा क्लच म्हणून वापरतात. पण नीट बघा. थांबवायला काहीतरी *करावं* लागतं. पाय दाबावा लागतो. माणूस घाबरला, घसरला, उडी मारून पळाला, तर विंच चालूच राहते. हे उलटं आहे. आम्ही सर्व्हरवर साधी परवानगी देतानासुद्धा "काही सांगितलं नसेल तर नाही" असं धरून चालतो. इथे तर माणसाचा पाय आहे.

म्हणून आमची रचना अशी: पट्टे एरवी सैल असतात. एका लांब तरफेला दोरी बांधली आहे. दोरी ओढली की ताणपुली पट्टे ताणते आणि त्याच वेळी ब्रेक उचलला जातो. दोरी सोडली की स्प्रिंग दोन्ही उलट करते: पट्टे सैल, ब्रेक लागला. विंच चालवायला हात लागतो, थांबवायला काहीच लागत नाही.

ब्रेक म्हणजे जीपचाच ब्रेक-ड्रम, पिनियनच्या शाफ्टवर, बाहेरून लायनिंगचा पट्टा. तो मुद्दाम पट्ट्यांच्या *नंतर* आहे. चारही पट्टे तुटले तरी ब्रेक ड्रमला धरतो. आणि गिअरच्या आधी असल्याने त्याला पाचपट कमी जोर लागतो, म्हणून साधी स्प्रिंग पुरते. बसवताना दिशा बघा: ओंडका मागे जाताना शाफ्ट ज्या बाजूला फिरतो, त्या फिरण्यानेच पट्टा आणखी आवळला गेला पाहिजे. उलटा बसवला तर ब्रेक ऐन वेळी सैल पडतो. शिवाय ड्रमवर दातेरी चक्र आणि खटका आहे, ओंडका अर्ध्यावर ठेवून पुन्हा साखळी बांधायची असेल तेव्हासाठी.

दुसऱ्या हंगामात एका ओंडक्याचं टोक गडग्यात शिरलं आणि वरचे चिरे ढासळले. दोरी धरलेला मुलगा दचकला आणि हात सोडून मागे पळाला. त्याने बरोबर काही केलं नाही, त्याला सुचलंच नाही. विंच वीतभर अंतरात थांबली. खाली साखळीपाशी उभा असलेला गडी चिऱ्यांकडे बघत होता, दोराकडे त्याचं लक्षही नव्हतं.

दोरी कुणाच्या हातात?

मला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो. विंचचा मालक वर ट्रॅक्टरपाशी असतो. धोक्याच्या जागी असतो साखळी बांधणारा, आणि तो बहुतेक वेळा रोजंदारीवरचा. त्यामुळे आमच्याकडे नियम आहे: चालवायची खूण फक्त खालचा माणूस देणार, थांबायची खूण कुणीही देऊ शकतो. हात वर म्हणजे थांब. फोनवर बोलून विंच चालवायची नाही, उतारावर रेंज कधी जाते कळत नाही. खालचा दिसत नसेल तर मध्ये तिसरा माणूस उभा करायचा. तेवढी एक मजुरी देणं परवडत नसेल, तर तो ओंडका तिथेच राहू दे.

बाकीचे नियम पटापट सांगतो, लिहून ठेवा.

दोराच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, कोनाच्या आतल्या बाजूला तर नाहीच. दोराच्या मध्यावर ओलं गोणपाट टाकायचं, तुटला तर त्याची झेप कमी होते. ट्रॅक्टरच्या सीटमागे जाड जाळी हवीच. दोर हाताने ड्रमवर सरळ करायचा नाही, त्यासाठी दोर पूर्ण थांबवा आणि काठी वापरा. ओढ ट्रॅक्टरच्या सरळ मागून हवी. बाजूने ओढली तर ट्रॅक्टर आडवा होतो, आणि वरचं सगळं गणित मागे उलटण्याचं होतं, बाजूला कलंडायला त्याहून कमी पुरतं.

आणि पीटीओजवळ लुंगी, पंचा, ओढणी, सैल बाही नको. 540 फेऱ्या म्हणजे सेकंदाला 9. कापडाचं टोक अडकल्यावर "अरे" म्हणेपर्यंत दोन मीटर कापड आत गेलेलं असतं. फिरणाऱ्या प्रत्येक भागावर पत्र्याचं झाकण. पट्ट्यांवरही, कारण पावसात भिजले की ते ठरल्याआधीच घसरतात.

कायद्याचंही एक वाक्य. झाड वादळात पडलेलं असलं तरी आंबा, फणस, सागासारखं लाकूड बाहेर नेण्याआधी वनविभागात चौकशी करून वाहतुकीचा पास घ्या. ओंडका रस्त्यावर आल्यावर तो अडकून पडण्यापेक्षा हे आधी केलेलं बरं.

तुम्ही बनवणार असाल तर

या क्रमाने करा. आधी ट्रॅक्टरची पुढची चाकं वजनकाट्यावर घाला आणि गुणाकार करा. मग विंचची जास्तीत जास्त ओढ ठरवा, त्या आकड्याच्या निम्म्याच्या आत. मग थांबवायची यंत्रणा बनवा. ओढायची यंत्रणा सगळ्यात शेवटी. ती सोपीच आहे, ती व्हिडिओ बघूनही जमेल.

आणि पहिला ओंडका बांधण्याआधी एक चाचणी. दोर खुंटाला बांधा, विंच चालू करा, पट्टे ताणले गेले की दोरी नुसती सोडून द्या. घरातल्या सगळ्यांकडून एकदा करून घ्या, काकूंकडूनसुद्धा. दहापैकी दहा वेळा ड्रम जागेवर थांबला तरच ओंडक्याकडे जा. नऊ वेळा थांबला तर ब्रेकची स्प्रिंग बदला आणि परत एकपासून मोजा.

तुमच्याकडे उसाच्या पट्ट्यात, नाहीतर घाटावर कुणी असं काही बनवलं असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. ओढते किती हे सांगूच नका. थांबते कशी, ते सांगा. भेटू पुढच्या भागात.